चौथी आज्ञा कोणाला?

‘सून मिळावी तर अशी!’ हे वाक्य आपल्या धर्मग्रामांतून अंत्यविधीच्या दिवशी हमखास कानावर पडते. अंगणात मांडव घातलेला असतो, शेजारीपाजारी व नातेवाईक खुर्च्यांवर बसलेले असतात आणि बोलता बोलता कोणीतरी म्हणते, ‘‘म्हातारीचे नशीब थोर. सुनेने अगदी लेकीसारखे केले.’’ ऐकणारे माना डोलावतात. सून त्या वेळी आत स्वयंपाकघरात चहा गाळत असते.

धर्मगुरू या नात्याने हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि खरे सांगायचे तर वेदीवरून तितक्याच वेळा उच्चारलेही आहे. त्यात खोटे काही नाही. तरीही अलीकडे ते उच्चारताना माझी जीभ अडखळते. त्याचे कारण सांगण्यासाठी मला माझ्याच घरात शिरावे लागेल. ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्या माझ्या वहिनींना विचारूनच हे लिहीत आहे.

आम्ही चार भावंडे. थोरला भाऊ घरी राहून वाडी सांभाळणारा, मधला आखातात नोकरीला, मी तिसरा, आणि धाकटी बहीण तीन मैलांवर दिलेली. आईला पक्षाघाताचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली, ती साडेचार वर्षे. या साडेचार वर्षांत थोरल्या वहिनींनी तिचे सारे केले. तिला पेज भरवणे, अंग पुसणे, कपडे बदलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलणे, आणि रात्री तिने हाक मारली की उठणे. त्या पूर्वी बालवाडीत शिकवीत असत. ती नोकरी त्यांनी सोडली. कोणी सोडायला सांगितली नाही. सोडू नका, असेही कोणी म्हटले नाही.

मी आठवड्यातून एकदा, बहुधा सोमवारी, घरी जात असे. आईला ख्रिस्तप्रसाद देत असे, तिच्या उशाशी बसून रोझरीची एक माळ म्हणत असे, वहिनींच्या हातचा चहा घेत असे आणि संध्याकाळपूर्वी धर्मग्रामात परतत असे. आईला माझ्या येण्याचे फार अप्रूप वाटे. ‘माझा फादर आला,’ असे ती तुटक शब्दांत सांगे. तिचे डोळे भरून येत आणि मलाही आपण मुलाचे कर्तव्य करीत आहोत असे वाटे. तिच्या अंत्यविधीला मी बारा-पंधरा मिनिटे प्रवचन केले. त्यात वहिनींसाठी एक वाक्य होते. ते कोणते, हे वाचकांनी ओळखले असेलच.

आईच्या महिन्याच्या मिस्सेला घरी गेलो तेव्हा तिचे कपाट आवरताना काही शाळकरी वह्या सापडल्या. वहिनींनी त्यांत रकाने आखले होते: औषध, पेज, ताप, कूस. प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहिलेली. डॉक्टरांनी सांगितले म्हणून त्यांनी हे सुरू केले आणि अखेरपर्यंत चालू ठेवले. पाने उलटता उलटता माझ्या ध्यानात आले की साऱ्या वह्या एकाच हस्ताक्षरात आहेत. फक्त एके ठिकाणी तीन दिवसांच्या नोंदी माझ्या बहिणीच्या अक्षरात होत्या. मी सहज विचारले, ‘‘वहिनी, हे तीन दिवस तुम्ही आजारी होता का?’’

‘‘नाही, फादर,’’ त्या म्हणाल्या. घरीही त्या मला फादरच म्हणतात. ‘‘ते तीन दिवस मी माहेरी होते. माझी आई वारली ना, तेव्हा.’’ मग थोडे थांबून म्हणाल्या, ‘‘त्याआधी आठ महिने ती अंथरुणावर होती. रविवारी मिस्सा झाली की तासाभरासाठी जाऊन यायचे. पाणी पाजायला सवड झाली नाही. माती द्यायला तेवढी गेले.’’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. ‘देव तुमचे भले करील’ असे काहीतरी म्हणालो असेन. अशी वाक्ये आम्हां धर्मगुरूंच्या ओठांवर तयार असतात. त्यांच्या आईच्या अंत्यविधीची मिस्सा मीच अर्पण केली होती. त्या आठ महिन्यांविषयी मात्र मी एकदाही विचारपूस केली नव्हती.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे. ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ ही चौथी आज्ञा देवाने नेमकी कोणाला दिली?

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ही आज्ञा आपण पाठ केली ती लहान मुलांची आज्ञा म्हणून: आईबाबांचे ऐकावे, उलट बोलू नये. परंतु सीनाय पर्वताशी ती ज्यांना मिळाली ती काही शाळकरी मुले नव्हती. ती कर्ती माणसे होती आणि त्यांच्या घरी थकलेले आईबाप होते. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ‘कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ’ प्रौढ मुलांना याच आज्ञेची आठवण करून देतो: आईवडिलांच्या म्हातारपणी, आजारात व एकाकीपणात त्यांना आधार देणे हे मुलांचे कर्तव्य आहे. बेन सिराच्या ग्रंथात तर हे अधिक स्पष्ट आहे. बापाची बुद्धी चळली तरी मुलाने त्याला सांभाळून घ्यावे, त्याचा अवमान करू नये, असे तो शहाणा पुरुष बजावतो. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या वडिलांना ज्यांनी सांभाळले आहे, त्यांना हा उपदेश किती खोल आहे ते कळेल.

आता पाहा. ही आज्ञा माझ्या भावाला होती, आखातातल्या भावाला होती, मला होती, माझ्या बहिणीला होती. वहिनींनाही ती होती, पण ती त्यांच्या स्वतःच्या आईच्या बाबतीत. आम्ही चौघांनी आमची आज्ञा त्यांच्या हाती सोपवली आणि ती पाळता पाळता त्यांना त्यांची स्वतःची आज्ञा पाळता आली नाही. त्यानंतर त्यांच्या त्यागाचे आम्ही गुणगान केले. आपण जे करायचे ते दुसऱ्याने केले म्हणजे तो त्याचा त्याग ठरतो आणि आपले कर्तव्य जणू फिटून जाते.

प्रभू येशूने या वृत्तीला एक नाव देऊन ठेवले आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तो शास्त्री व परुशी यांना ‘कोर्बान’च्या प्रथेवरून खडसावतो. आईवडिलांना ज्याचा उपयोग व्हायचा ते मी देवाला वाहिले आहे, असे मुलाने जाहीर केले की तो त्यांच्या जबाबदारीतून सुटत असे. देवाचे नाव पुढे करून देवाचीच आज्ञा मोडण्याचा हा प्रकार प्रभूला असह्य झाला. गुरुविद्यालयात असताना या उताऱ्यावर मी चांगले गुण मिळवले होते. तेव्हा माझ्या मनात आले नाही की एके दिवशी आईच्या खाटेशेजारी उभा असलेला मी स्वतःच ‘कोर्बान’ असेन. देवाला वाहिलेला मुलगा! त्याच्याकडून कोणी अंग पुसण्याची अपेक्षा करीत नाही. त्यानेही ती स्वतःकडून केली नाही.

संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात हा प्रश्न आडपडदा न ठेवता मांडला आहे: धर्मसेवेसाठी आईवडिलांची सेवा सोडावी का? त्यांचे उत्तर असे की, आपल्यावाचून आईवडिलांचा निर्वाह होणार नसेल तर त्यांना टाकून व्रतस्थ जीवनात प्रवेश करणे योग्य नव्हे. ज्याने आधीच व्रते घेतली आहेत त्याने वरिष्ठांच्या आज्ञेत राहून, परंतु होईल तितकी खटपट करून त्यांना साहाय्य करावे. म्हणजे समर्पित जीवनाने हे ऋण फिटत नाही. ते फेडण्याची वाट तेवढी अवघड होते. ‘आपल्यावाचून आईचा निर्वाह होतो का?’ या प्रश्नाला मी ‘होतो’ असे उत्तर देऊ शकलो, कारण घरी वहिनी होत्या. माझे पाचारण वहिनींच्या पाठीवर उभे होते. हे मला सेमिनरीत कोणी शिकवले नाही.

लिझ्यूच्या संत तेरेजेचे, आपल्या ‘लिटल फ्लॉवर’चे, चित्र आपल्या बहुतेक घरांत असते. तिचे वडील लुई मार्टिन उतारवयात मानसिक आजाराने खचले. १८८९ पासून १८९२ पर्यंत ते काँ शहरातील रुग्णालयात होते आणि नंतर अर्धांगाने लुळे होऊन घरी परतले. तेरेजा व तिच्या दोन थोरल्या बहिणी त्या वेळी कार्मेल मठात होत्या. वडिलांची मुख्य शुश्रूषा केली ती सेलिन या मुलीने. मठात जाण्याची ओढ तिलाही होती, पण ती थांबली. २९ जुलै १८९४ रोजी वडिलांचे निधन झाले आणि त्यानंतरच, सप्टेंबरमध्ये, तिने मठात प्रवेश केला. लुई मार्टिन यांना २०१५ साली संतपद मिळाले. तेरेजेचे महात्म्य यामुळे उणे होत नाही. वडिलांच्या दुःखाने तीही होरपळली होती. परंतु तेरेजेच्या चित्रापुढे गुडघे टेकताना सेलिनची आठवण आपल्याला क्वचितच येते.

सुनांना उपदेश करताना आम्ही धर्मगुरू हमखास रूथचा दाखला देतो. विधवा झालेली ही मवाबी स्त्री आपल्या सासूला, नामीला, सोडून गेली नाही. दाखला सुंदर आहे, पण तो आम्ही अर्धाच सांगतो. त्या ग्रंथाचा पहिला अध्याय पुन्हा वाचून पाहावा. नामी आपल्या दोन्ही सुनांना म्हणते, तुम्ही आपापल्या आईच्या घरी परत जा. ती त्यांच्यासाठी प्रार्थना करते आणि त्यांचे मुके घेते. त्यांनी नकार दिल्यावर ती पुन्हा आग्रह करते. अखेर ओर्पा रडत रडत माघारी जाते. पवित्र शास्त्र तिला दोषाचा एक शब्दही लावीत नाही. त्यानंतरही नामी रूथला म्हणते, तूही जा. इतके सांगूनही रूथ राहते, म्हणूनच तिचे राहणे मोठे आहे. ओर्पाला परतण्याची वाट मोकळी होती म्हणून रूथच्या निवडीला मोल आले. आपण काय केले? ओर्पाची वाट बंद केली आणि मग प्रत्येक सुनेला रूथ म्हणून गौरवले. जिला ‘नाही’ म्हणता येत नाही तिच्या ‘हो’ला त्याग म्हणणे हा शब्दांचा अपव्यय आहे.

या ठिकाणी काही वाचक म्हणतील, ‘फादर, घर म्हणजे काय कचेरी आहे? प्रेमात हिशेब कसला?’ या आक्षेपात सत्याचा मोठा अंश आहे. जी सेवा मोजून केली जाते ती सेवा उरत नाही. माझ्या वहिनींनी रकाने आखले ते आईच्या औषधांसाठी. आमच्याकडे मागणी करण्यासाठी नव्हे. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. सेवा करणाऱ्याने हिशेब ठेवू नये, हे खरे. ज्याच्या वाटची सेवा दुसऱ्याने केली, त्याने मात्र तो अवश्य ठेवावा. माझ्या प्रेमाने माझे मोजू नये. माझ्या न्यायबुद्धीने तुझे मोजावे. प्रीती ही न्यायाच्या पुढची पायरी आहे आणि खालची पायरी गाळून वरची चढता येत नाही. प्रेमात हिशेब नसतो हे वाक्य आपल्या घरांतून बहुधा तोच उच्चारतो ज्याच्याकडे देणे निघते.

दुसरा आक्षेप असा की, शुश्रूषा ही स्त्रीच्या स्वभावातच असते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ च्या ‘मुलिएरिस दिग्निताथेम’ या पत्रात मानवाची निगा स्त्रीकडे विशेष रीतीने सोपवली आहे असे प्रतिपादन केले, हे खरे. पण एकाकडे विशेषत्वाने सोपवणे म्हणजे दुसऱ्याला मोकळे करणे नव्हे. त्याच पोपमहोदयांनी १९९५ साली स्त्रियांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात, स्त्रियांच्या अवहेलनेत ख्रिस्तसभेच्या पुत्रांचा जो दोष असेल त्याबद्दल खेद व्यक्त केला होता. आणि प्रभूने स्वतः काय केले? क्रुसावर खिळलेला असताना त्याने आपली आई एका पुरुषाच्या, आपल्या प्रिय शिष्याच्या, हवाली केली. त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. पवित्र मरियेच्या म्हातारपणाची काळजी एका पुरुषावर सोपवली गेली, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. पेत्राच्या घरी तापाने फणफणलेली जी स्त्री प्रभूने हात धरून उठवली, तीही पेत्राची आई नव्हती, सासू होती. ख्रिस्तसभेच्या पहिल्या पोपच्या घरी बायकोच्या आईला जागा होती!

आपल्या घरांची स्थिती काय आहे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील मुले, आजारी व वृद्ध यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. ही देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे देतात, तर पुरुष ७४. स्वयंपाकपाणी, धुणीभांडी यांत जाणारा वेळ वेगळाच.

कायदा तर सरळ बोलतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी २००७ साली जो कायदा झाला, त्यातील ‘अपत्ये’ या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा उल्लेख आहे, सुनेचा नाही. दुसरीकडे १९२५ चा भारतीय वारसा कायदा सांगतो की मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती आईवडिलांच्या मालमत्तेत मुलगा व मुलगी यांचा वाटा समान. आपल्याकडे मुलीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि तीही भावाशी वाकडे नको म्हणून सही करते. मग जमिनीबरोबर आईबापांची जबाबदारीही माहेरीच राहिली असे ती मानते. आणि भाऊ ती जबाबदारी बायकोवर सोपवून वाडीत जातो. सातबारा मुलाच्या नावावर आणि सेवा सुनेच्या नावावर, अशी ही वाटणी. यात कोणी एक दुष्ट आहे असे नाही. सारे जण रूढीप्रमाणे वागतात, आणि रूढीला कधी पापनिवेदनाला जावे लागत नाही.

मग करावे काय? सुनेने सासूची सेवा करू नये, असे मी म्हणत नाही. ज्या घरात सासू-सुनेची माया जडली आहे ते घर धन्य होय. मी एवढेच म्हणतो की पहिली हाक मुलाला व मुलीला आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळले तर पहिल्याच आठवड्यात सर्व भावंडांनी एकत्र बसावे आणि कोण कोणते दिवस, कोणत्या रात्री व किती खर्च उचलणार हे बोलून ठरवावे. त्या बैठकीत सुनेला चहा करण्यासाठी आत पाठवू नये. तिला बसवावे आणि तिच्या स्वतःच्या आईवडिलांची प्रकृती कशी आहे, हे आधी विचारावे. परदेशी असलेल्या भावाने नुसते पैसे पाठवून थांबू नये. रजेचा एक महिना वहिनीला मोकळे करण्यासाठी राखावा. वडिलांना आंघोळ घालणे हे मुलाने स्वतःच्या हाताने करावे. त्याने पुरुषपणाला बाधा येत नाही. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते स्वतःच्या हातांनी, कोणाकरवी नव्हे.

धर्मग्राम म्हणून आपल्यालाही काही करता येईल. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैच्या चौथ्या रविवारी आजीआजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. संत योआकीम व अन्ना यांचा सण २६ जुलैला असतो, त्याच्या आसपास तो येतो. त्या दिवशी आपण वृद्धांना फुले देतो. त्याच रविवारी, जी बाई वृद्धाला खाटेवर ठेवून घाईघाईने पहिल्या मिस्सेला येते आणि शेवटच्या आशीर्वादाआधी निघून जाते, तिचीही चौकशी व्हावी. प्रत्येक छोट्या ख्रिस्ती समूहातून दोन-तीन जणांनी आठवड्यातून एक दुपार अशा घरी बसायला जावे, म्हणजे ती बाई माहेरी जाऊन येईल किंवा नुसती झोपेल. झोपही देवाचे दान आहे.

आता शेवटचे. वहिनींचे वडील हयात आहेत आणि गेल्या वर्षापासून तेही अंथरुणावर आहेत. वहिनी आता आठवड्यातले चार दिवस माहेरी असतात. माझा थोरला भाऊ सासऱ्यांना आंघोळ घालायला जातो. सुरुवातीला शेजारी हसले, आता हसत नाहीत. सोमवारी दुपारी मी त्यांच्याजवळ बसतो. पहिल्या दिवशी वहिनींनी मला कूस बदलायला शिकवले: एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आधी रुग्णाला सांगायचे, मग हळूच वळवायचे. त्या म्हाताऱ्या देहाचे वजन हातांवर आले तेव्हा मला कळले की इतक्या वर्षांच्या धर्मसेवेत असंख्य रुग्णांच्या कपाळाला मी पवित्र तेल लावले होते, पण एकाचीही कूस कधी बदलली नव्हती. माझ्या आईचीसुद्धा नाही.

मी रुग्णाभ्यंगाचे तेल घेऊन आलो की घरातले सारे उठून उभे राहतात. खाटेशेजारी जी बाई आधीपासून उभीच होती, तिच्यासाठी उठून उभे राहण्याचे आता माझ्या मनाने घेतले आहे.